ॲनेस्थेशियाच्या नवीन जेआर (ज्युनियर रेसिडेंट) लोकांसाठी: थायोपेंटोनबद्दल थोडं

थायोपेंटोन म्हणजे शिरेतून देऊन पेशंटला झोपवायचं औषध. आजकाल इंडक्शन (भूल सुरू करणं) म्हटलं की सगळे प्रोपोफॉल हे दुसरं औषधच भरतात, त्यामुळे नवीन जेआरना थायोपेंटोन फक्त व्हायवापुरतं (तोंडी परीक्षेपुरतं) माहीत असतं, आणि मग एक दिवस ईसीटीच्या (मानसिक आजारात मेंदूला विजेचे झटके देण्याच्या उपचाराच्या) लिस्टला किंवा फिट्स न थांबणाऱ्या पेशंटला ते द्यायची वेळ येते आणि हात थबकतो. औषध जुनं आहे, 1934 मध्ये अमेरिकेत वॉटर्स आणि लंडी यांनी वापरायला सुरुवात केली, पण म्हणून सोपं समजू नका.

आधी पावडर विरघळवायला शिका, खरी काळजी तिथेच लागते. व्हायलमध्ये पिवळसर पावडर असते. 500 एमजीची असेल तर 20 एमएल, 1 ग्रॅमची असेल तर 40 एमएल डिस्टिल्ड वॉटर किंवा सलाइन, म्हणजे अडीच टक्के, एका एमएलला 25 एमजी. हलवून उजेडात धरून बघा, गढूळ दिसलं किंवा कण राहिले तर देऊ नका. आरएल (रिंगर लॅक्टेट) घालायचं नाही, साका बसतो. व्हायल किती एमजीची ते आपल्या डोळ्यांनी वाचा, कारण 1 ग्रॅमची व्हायल 20 एमएलमध्ये केली तर डोस सरळ दुप्पट जातो. आणि सिरिंजवर लेबल लावल्याशिवाय ती ट्रेमध्ये ठेवायची नाही. सिझेरियनच्या गडबडीत थायोपेंटोन आणि अँटिबायोटिकच्या सिरिंजची अदलाबदल झाल्याचं ब्रिटनच्या 2014 च्या नॅप5 रिपोर्टमध्ये (भूल देताना पेशंट जागा राहण्याच्या घटनांवरचा अहवाल) आलंय, म्हणजे पेशंट जागा आणि मसल रिलॅक्संट (स्नायू सैल करणारं औषध) आत, विचार करा काय होत असेल.

डोस साधारण 3 ते 5 एमजी पर केजी. 50 किलोच्या धडधाकट पेशंटला 5 ने 250 एमजी म्हणजे 10 एमएल. पण रक्तस्राव झालेला, सेप्सिसमधला किंवा हार्ट कमजोर असलेला पेशंट असेल तर हा हिशोब विसरा, बीपी धाडकन पडतं, तिथे सिनियरला विचारूनच पुढे जा.

कॅन्युला शक्यतो हाताच्या मागच्या बाजूला घ्या, कोपराच्या खळीत नको, तिथे आर्टरी अगदी जवळ असते. द्रावणाचा पीएच साडेदहाच्या आसपास, त्यामुळे आर्टरीत गेलं की क्रिस्टल्स होतात, रक्तपुरवठा बंद पडतो आणि बोटं काळी पडण्यापर्यंत जाऊ शकतं. म्हणून आधी 2 एमएल द्या, थांबा, पेशंटकडे बघून विचारा, "काका, हात दुखतोय का? आग होतेय का?" जोरात कळ आली, हात पांढरा पडला तर इंजेक्शन थांबवा पण कॅन्युला काढू नका!! त्यातूनच सलाइन, मग आकसलेली आर्टरी सैल करायला पापाव्हरिन किंवा लिग्नोकेन, पुढे रक्त गोठू नये म्हणून हेपरिन आणि हाताच्या नसांचा ब्लॉक, आणि हे सगळं सिनियरला हाक मारत मारत. शिरेच्या बाहेर गेलं तरी कातडी खराब होते.

सगळं नीट असेल तर पेशंट तोंडाला लसणासारखी चव येते म्हणतो, एक मोठी जांभई देतो आणि अर्ध्या मिनिटात पापणीला बोट लावलं तरी हलत नाही. लगेच श्वास थांबतो, म्हणून मास्क, ऑक्सिजन, सक्शन आधीच तयार पाहिजे. वेदनाशामक गुण यात शून्य आहे, उथळ झोपेत घशात काही घातलंत तर लॅरिंगोस्पाझम (स्वरयंत्र आवळून श्वास अडकणं). स्कोलिन किंवा व्हेक्युरोनियम हे मसल रिलॅक्संट देण्याआधी लाइन सलाइनने फ्लश करा, नाहीतर लाइनमध्येच साका बसतो.

पीएसीमध्ये (ऑपरेशनआधीच्या भूलतपासणीत) पोरफायरिया या आनुवंशिक आजाराबद्दल विचारलंच पाहिजे, घरात कुणाला अधूनमधून पोटदुखीचे झटके येऊन लघवी गडद होत असेल तर कान टवकारा. अक्यूट पोरफायरियात हे औषध पूर्ण बंद.

5-10 मिनिटांत पेशंट जागा होतो ते औषध मेंदूतून निघून स्नायूंमध्ये पसरतं म्हणून, शरीरातून गेलेलं नसतं, हाफ लाइफ (औषध निम्मं व्हायला लागणारा वेळ) 11-12 तासांची आहे. परत परत डोस दिले तर साठत जातं. ईसीटीनंतर घरी जाणाऱ्या पेशंटच्या नातेवाइकांना तुम्ही स्वतः सांगा, आज गाडी चालवू द्यायची नाही आणि रात्री कुणीतरी सोबत थांबायचं, सिस्टर सांगतील म्हणून सोडून देऊ नका.