'डेडलाइन'चं मूळ शोधायचं कसं?

रात्री वर्तमानपत्राचं पान छपाईला सोडायची वेळ झाली की आमच्या डेस्कवर 'डेडलाइन, डेडलाइन' सुरू होतं. इंग्रजी शब्दाचं मूळ कसं शोधायचं असं पुरवणीतल्या नव्या मुलांनी विचारलं, की मी त्यांना याच शब्दापासून सुरुवात करायला सांगतो.

आधी ऑक्सफर्डचा मोठा शब्दकोश उघडा. त्यात प्रत्येक अर्थाखाली छापील उदाहरणं सालासकट असतात. आपल्याला हवा तो अर्थ धरा आणि मागे मागे जा. 'ओलांडली तर मरण' अशी रेषा १८६४ मध्ये भेटते, अमेरिकेच्या यादवी युद्धात. तिथे थांबून ती जागा नीट समजून घ्या.

जॉर्जियातल्या अँडरसनव्हिलला दक्षिणेकडच्या फुटून निघालेल्या राज्यांच्या सैन्याने युद्धकैद्यांसाठी तळ केला होता. भोवती ओंडक्यांचं उंच कुंपण, आणि आत सुमारे १९ फुटांवर खुंटांवर ठोकलेली साधी लाकडी पट्टी. हीच डेडलाइन. कुणी पलीकडे गेला, की वरच्या चौकीतल्या पहारेकऱ्याने गोळी घालायची. तळातून एक ओढा वाहायचा. त्याचं पाणी इतकं घाण, की जरा बऱ्या पाण्यासाठी पट्टीखालून हात घालणारेही मारले गेले. सुमारे ४५,००० कैद्यांपैकी जवळपास १३,००० तिथेच गेले, बहुतेक रोगराईने आणि उपासमारीने. हे वाचल्यापासून तो शब्द माझ्या तोंडून सहज निघत नाही. तळप्रमुख हेन्री वर्झवर १८६५ मध्ये खटला चालला, त्यात ही रेषा आली आणि शब्द अमेरिकेतल्या वर्तमानपत्रांत पोचला. नोव्हेंबरात वर्झला फाशी झाली.

आता दुसरी पायरी. मुलं घाई करतात ती इथेच. 'कामाची अंतिम मुदत' हा आपला अर्थ अमेरिकी वृत्तपत्रांच्या कचेऱ्यांत रुळला तो १९२० च्या सुमारास. मध्ये अर्धं शतक आहे. छपाईयंत्रावरच्या एका खुणेच्या रेषेलाही डेडलाइन म्हणत. तिच्याबाहेरचा मजकूर नीट छापला जात नसे. म्हणून तिन्ही अर्थ सालासकट एकाखाली एक लिहा, पण त्यांच्यात 'म्हणूनच' घालू नका. एका अर्थातून दुसरा निघाल्याचा छापील पुरावा हातात असेल तरच घाला.

स्कॅन केलेल्या जुन्या मासिकांत शोधताना एक पथ्य पाळा. यादीत दिसणारं साल कधी कधी मासिक सुरू झाल्याचं असतं, त्या अंकाचं नव्हे. पान उघडा, मुखपृष्ठापर्यंत मागे जा, तिथलं साल वाचा आणि मगच टिपून घ्या.