मधमाश्यांसाठी बाग करायचीय? मग नर्सरीत लगेच जाऊ नका

कोल्हापूरभोवती हिरवंगार दिसतंय खरं पण त्यातलं बरंचसं ऊस, आणि उसाच्या रानात मधमाशीला खायला जवळपास काहीच नाही, त्यामुळं दारातली चार-पाच झाडंपण तिला उपयोगी पडतात. फक्त नर्सरीतनं दिसेल ते रंगीत उचलून आणू नका, ती भरगच्च डबल पाकळीची हायब्रीड फुलं दिसायला नादखुळा पण आत पराग नि मध नावालाच.

सुरुवात तुळशीपासनं करा, ती दारात असतीयच. आपण मंजिरी आली की खुडतो, झाड फोफावावं म्हणून. निम्म्या खुडा, निम्म्या ठेवा. ऊन जरा वर आलं की जाऊन बघा, सातेरी माशी, म्हणजे आपली देशी मधमाशी, एकेक बारकं फूल चाचपत मंजिरीभर फिरती, मागच्या पायाला परागाची गोळी चिकटलेली स्पष्ट दिसती. कोथिंबिरीचंपण तेच, चार काड्या फुलावर जाऊ द्या की.

बाकी मेन गोष्ट ही की बारा महिने काही ना काही फुललेलं पाहिजे. थंडीत अडुळसा आणि कोरांटी, दोन्ही कुंपणाला लावा, अडुळशाला शेळी तोंड लावत नाही हा बोनस. मग शेवगा, कढीपत्ता, जागा मोठी असेल तर जांभूळ नाहीतर करंज. शेवग्यावर काळे मोठे भुंगे घोंगावतात त्यांना हाकलू नका, शेंगा धरायला तेच लागतात. ओढ्याकाठची निर्गुडी मिळाली तर फांदी रोवली तरी लागते.

पाऊस उघडल्यावर माश्या भुकेल्या असतात, तेव्हा कारळा. चटणीसाठी आणतो त्यातलाच मूठभर न भाजलेला जूनमध्ये विस्कटून टाका, सप्टेंबर-ऑक्टोबरला पिवळाधमक होतो. खरंतर मी शक्यतो इथलीच झाडं सांगतोय आणि हा मूळचा आफ्रिकेतला आहे, पण आपल्या डोंगरी भागात पिढ्यान्‌पिढ्या पेरतात, त्यामुळं मी चालवून घेतो 😄 भुदरगडातल्या पाटगावला मधाचं गाव म्हणतात, पण तिथं माश्यांना जंगल आहे, पेठेत आपल्याकडं टेरेस. टेरेसवर तुळस, सब्जा, कोरांटी कुंडीत मस्त येतात, फक्त नुसती काळी माती भरू नका, पाणी धरून बसती, थोडी वाळू आणि शेणखत मिसळा.

पसरट ताटलीत खडे टाकून पाणी ठेवा, खडे वर दिसले पाहिजेत नाहीतर माश्या बुडतात. आणि अख्खं अंगण पेव्हिंग ब्लॉकनं झाकायचं फॅड आलंय ते सोडा, निळ्या पट्ट्यांच्या एकट्या राहणाऱ्या माश्या मातीतच बीळ करतात आणि टोमॅटो-वांग्याची फुलं हलवून पराग पाडायचं काम त्या भारी करतात. कोपऱ्यात हातभर जागा उघडी ठेवली तरी बास.

मावा (झाडाचा रस शोषणारी बारकी कीड) पडला तर आधी पाण्याचा जोरात फवारा, नाहीच गेला तर निंबोळी अर्क, तोपण दिवेलागणीला माश्या परतल्यावर आणि फुलं सोडून. इमिडाक्लोप्रिड हे कीटकनाशक कुणी एकदम जालीम म्हणून हातात दिलं तरी घेऊ नका, ते झाडाच्या अंगात भिनतं आणि तिथनं मधात-परागात उतरतं.