ग्वाटेमालातून वेलची घेताना
राजधानीत बसून भाव ठरवू नका. थेट आल्ता वेरापास प्रांतातलं कोबान शहर गाठा. शेतकरी बहुतेक केक्ची या माया समाजाचे. ते ओली फळं दलालाला विकतात, दलाल ती वाळवणाऱ्या भट्टीवाल्याला. भट्ट्या बऱ्याचदा लाकडावर चालतात, मालाला धूर लागू शकतो, म्हणून पोत्यात वरवर हात घालून भागत नाही. मी तळातली मूठभर काढतो, एखादा वेलदोडा नखाने सोलतो. दाणे काळसर, चिकट हवेत. धुराचा वास आला की भाव पाडतो, नाहीतर सरळ उठतो. विक्रेत्याचा एनआयटी, म्हणजे तिथला करक्रमांक, आधीच मागा. पैसे केत्साल या तिथल्या चलनात की डॉलरमध्ये, ते लेखी घ्या. माल अटलांटिककडून जाणार असेल तर सांतो तोमास दे कास्तिया बंदर, पॅसिफिककडून पुएर्तो केत्साल बंदर. आणि हो, दुभाषा आपला न्या, दलालाचा नको!