कर्लची फसलेली विनंती स्क्रिप्टला कळावी म्हणून

कर्ल हे वेब पत्त्यांवरून फाइल किंवा माहिती मागवणारे कमांड लाइनवरील साधन, सर्व्हरकडून कोणतेही पूर्ण उत्तर मिळाले की, आपले काम यशस्वी झाले असे मानते. त्यामुळे मागितलेली फाइल सर्व्हरवर नसली आणि ४०४ हा स्टेटस कोड आला, तरी कर्लचा एक्झिट कोड (काम संपताना स्क्रिप्टला कळवला जाणारा आकडा, शून्य म्हणजे यश) शून्यच राहतो आणि बॅकअपच्या फाइलऐवजी त्रुटीचे पान निमूटपणे डिस्कवर साठवले जाते. रात्री आपोआप चालणाऱ्या स्क्रिप्टमध्ये हे फार घातक ठरते, कारण ते पाहायला तिथे कोणीच नसते.

यासाठी कमांडमध्ये ‘--फेल’ हा पर्याय अवश्य द्यावा. मग ४०० किंवा त्यापुढचा स्टेटस कोड आल्यास कर्ल २२ हा एक्झिट कोड देते आणि त्रुटीचे पान साठवत नाही. एपीआय (प्रोग्रॅमने दुसऱ्या सेवेशी बोलण्याची सोय) वापरताना मात्र चुकीचे कारण बहुधा त्या उत्तरातच लिहिलेले असते, तिथे ७.७६.० या आवृत्तीपासून उपलब्ध असलेला ‘--फेल-विथ-बॉडी’ अधिक उपयोगी पडतो, कारण तो तोच एक्झिट कोड देऊनही उत्तर साठवतो. पत्ता बदलल्याचे सांगणारा ३०१ हा कोड यांपैकी कोणत्याच पर्यायाला चूक वाटत नाही, म्हणून सोबत नव्या पत्त्यावर जायला सांगणारा ‘--लोकेशन’ हवाच.

संपूर्ण विनंतीला कर्ल स्वतःहून कालमर्यादा घालत नाही. ती ‘--मॅक्स-टाइम’ने सेकंदांत ठरवून द्यावी, आणि प्रगतिदर्शक लपवण्यासाठी ‘--सायलेंट’ वापरत असाल तर ‘--शो-एरर’ही जोडावा, अन्यथा त्रुटीचा संदेशही त्याबरोबर नाहीसा होतो.