रातांबे आणलेत? आधी आभाळ बघा

रातांब्याची, म्हणजे कोकमाच्या ताज्या फळांची, टोपली घरात आली की आधी खळ्यात जाऊन आभाळ बघायचं आणि मगच सुरीला हात लावायचा, असं आमची मोठी काकू सांगायची, आणि मी दरवर्षी हो हो म्हणून विसरायचे. २०२५ च्या मेमध्ये माझी चांगलीच जिरली. वीस तारखेच्या आसपास पाऊस सुरू झाला, म्हटलं वळीव असेल, दोन दिवसांत उघडेल, आणि पंधरा किलो रातांबे फोडून मोकळी झाले. २५ तारखेला मान्सून कोकणात आल्याचं हवामान खात्याने जाहीरच केलं की हो, दुसऱ्या दिवशी मुंबईत, एरवी जूनचा पहिला आठवडा उलटल्याशिवाय न येणारा. सालं पडवीत पसरली, फॅन लावला, रात्री चुलीच्या उबेला ठेवली, चौथ्या दिवशी उचलून बघते तर खालच्या अंगाला पांढरी लव. सगळी माडाच्या मुळात गेली.

तर आता मी कसं ठरवते ते सांगते. चार-पाच दिवस खणखणीत ऊन मिळेलसं वाटत असेल तर आमसुलं, म्हणजे वाळवलेली सालं. ऊन आहे पण भरवसा नाही, तर अमृत कोकम, म्हणजे सालांचा साखरेतला पाक. आभाळ भरलेलं आहे, तर सरळ आगळ, म्हणजे मिठात मुरवलेला रस, आमसुलांचा हट्ट नको. मोबाईलवरचा अंदाज बघतेच, पण स्वैपाकघरातल्या बरणीतलं खडामीठ ओलं लागायला लागलं की समजायचं हवा फिरली.

फळं निवडताना गडद लाल, हाताला किंचित नरम लागणारी घ्या. हिरवट लाल असतील तर दोन दिवस गोणपाटावर पसरून ठेवा, पिकतात. झाडाखाली पडलेली उचलायला हरकत नाही पण फुटलेली, वास येणारी बाजूला काढा, एक नासकं फळ अख्ख्या बरणीला पुरतं. आणि रानातलं झाड असलं तरी ते कुणाच्या ना कुणाच्या सातबाऱ्यावर असतं, विचारून काढा, आमच्याकडे कुणी नाही म्हणत नाही, फक्त करून झालं की एक बाटली आगळ नेऊन द्यायची रीत आहे. सगळी काढू पण नका, शेंड्याची माकडांना असूद्यात, नाहीतरी ती त्यांचीच असतात.

फळं धुवून रोवळीत निथळवा आणि फडक्याने कोरडी करा, ही पायरी कंटाळा आला म्हणून गाळू नका. सुरी स्टीलची. लोखंडी विळीवर चिरलीत तर फळातल्या आंबटाने चिरलेली बाजू काळवंडते, आणि ॲल्युमिनियमच्या किंवा पितळेच्या भांड्यात तर अजिबात ठेवायचं नाही. काच, चिनीमाती, नाहीतर चांगल्या प्रतीचा प्लास्टिकचा टब. हाताला आधी खोबरेल चोळा, तरी नखं आठवडाभर जांभळी राहणारच, लग्नाला जायचं असेल तर हे काम जावेवर ढकला.

आता आमसुलं. फळ आडवं कापून दोन वाट्या करायच्या, आतला बियांसकट गर टबात, सालं वेगळी. सालं पहिल्या दिवशी पोटाची बाजू वर करून कडकडीत उन्हात पसरायची. इकडे गरामध्ये मीठ घालायचं, मी किलोभर गराला दीडशे ग्रॅम घालते, कुणी जास्त घालतात. हाताने कुस्करून ठेवलं की संध्याकाळपर्यंत लालभडक रस सुटतो. संध्याकाळी अर्धवट सुकलेली सालं त्या रसात टाकायची, रात्रभर मुरू द्यायची, सकाळी निथळून परत उन्हात. याला पुट देणं म्हणतात. असं तीनदा तरी, चांगली हवी असतील तर पाचदा, तोपर्यंत रस संपत येतो आणि सालं जाड, काळपट लाल होतात. नुसती सालं सुकवली तरी आंबट लागतात पण ती पातळ आणि फिकी, आमटीत दोन टाकायची तिथे चार लागतात. विकतच्या आमसुलात हाताला मीठच जास्त का लागतं तर मिठाने वजन भरतं, पुटं देण्यात दिवस जातात.

झालं कधी म्हणायचं, इथेच सगळे चुकतात. काकू एक आमसूल घेऊन अंगठ्याने मध्ये दाबायची आणि घडी घालायची. घडी घातल्यावर तुटलं तर जास्त वाळलं, घडीतून ओल आली आणि बोट चिकटलं तर अजून एक ऊन पाहिजे, आणि चामड्यासारखं दुमडून हळूहळू परत उघडलं की झालं. मग एक दिवस सावलीत गार करून बरणीत, मध्ये मध्ये खडामिठाचा थर, वर दादरा, म्हणजे फडकं, बांधून झाकण. ऊन ऊन भरलीत तर आत वाफ धरते आणि ऑगस्टमध्ये रडायची पाळी येते. माझ्याकडे दहा किलो रातांब्यांची सव्वा किलोच्या आसपास आमसुलं होतात, चार माणसांच्या घराला वर्ष निघतं. वर्ष झाल्यावर काळी पडतात, ती टाकू नका, माशाच्या कालवणाला तीच बरी.

आगळ सगळ्यात सोपं आणि खरं सांगायचं तर मला आता तेच आवडतं. गर, बिया आणि थोडी चिरलेली सालं बरणीत घालायची, किलोला दोनशे ग्रॅम मीठ, यात काटकसर करायची नाही कारण इथे टिकवायचं काम मीठच करतंय, डॉक्टरांनी मीठ कमी करायला सांगितलं असेल तर ते पानात कमी घ्या, बरणीत नको. रोज एकदा कोरड्या लाकडी डावाने तळापासून ढवळायचं. आठ-दहा दिवसांनी फडक्यातून गाळून बाटल्यांत भरायचं. बाटल्या उकळत्या पाण्याने धुवून उन्हात, ऊन नसेल तर ओव्हनमध्ये किंवा चुलीजवळ पूर्ण कोरड्या करून घ्या. वर्षभर बाहेर राहतं. सोलकढी करताना नारळाच्या दुधात आधी आगळ घाला, चव बघा आणि मगच मिठाचा विचार करा, आमच्याकडे आलेल्या प्रत्येक पुणेकर पाहुणीने पहिली सोलकढी खारट केलेली आहे. आणि ती तापवायची नाही, फुटते. नारळ नसेल त्या दिवशी आगळ, पाणी, मिरची, जिरं आणि कोथिंबीर, झाली तिवळ.

अमृत कोकमला एक किलो सालांना दोन किलो साखर. हो दोन, वाचताना जास्त वाटते, मी पण एकदा दीड घातली होती. काचेच्या बरणीत तळाला साखर, त्यावर सालांच्या वाट्या, परत साखर, असे थर लावून सगळ्यात वर साखरेचाच जाड थर. दादरा बांधून उन्हात ठेवायचं, रोज ढवळायचं, आठवडाभरात साखर विरघळून सालं आक्रसतात आणि पाक वर येतो. उन्हाचा एखादा दिवस चुकला तर फार बिघडत नाही, साखर सांभाळून घेते, म्हणून तर बेभरवशाच्या हवेत हे करायचं. मग गाळून त्यात भाजलेल्या जिऱ्याची पूड आणि चवीपुरतं मीठ. एकाला पाच-सहा पट पाणी घालून सरबत. उरलेली सालं पोरं तशीच चघळतात.

दीड किलोवाल्या वर्षी काय झालं तेही सांगते. मी शहाणपणा करून ढवळायचं बंद केलं आणि मुंग्या येतात म्हणून बरणीचं झाकण घट्ट लावलं. तिसऱ्या रात्री माजघरात फट्टकन आवाज, सासरे काठी घेऊन उठले, बघतो तर झाकण कोनाड्यात आणि भिंतीवर लाल फवारा. साखर कमी पडली, रस आंबला, गॅस झाला आणि जायला वाट नव्हती. त्या भिंतीला दोनदा चुना काढला, पावसाळ्यात ओल आली की डाग अजून वर येतो. तेव्हा साखर मुरेपर्यंत फडकंच बांधा, मुंग्यांसाठी बरणी पाण्याच्या परातीत ठेवा, आणि बुडबुडे आले, दारूसारखा वास आला तर चव बघायला जाऊ नका, ओतून टाका. बुरशीचंही तेच, वरची लव काढून खालचं वापरणारी माणसं मला माहितीयत, तुम्ही त्यातले होऊ नका.

बिया उरतात त्या उकिरड्यावर टाकू नका. धुवून चांगल्या आठ-दहा दिवस वाळवायच्या, फोडून टरफलं काढायची, आतला गर कुटून पाण्यात उकळायचा, तूप वर येतं. गार झालं की ते काढून मुठीने वळायचं म्हणून त्याला मुठेल म्हणतात, खाली मालवणकडे भिरंडेल. घरातल्या गारव्यात दगडासारखं राहतं पण भेगेवर चोळलं की अंगाच्या उबेने विरघळतं. भाताची लावणी करून आलेल्या टाचांना याच्यासारखं मलम नाही. पण मूठभर बियांसाठी एवढा खटाटोप परवडत नाही, तीन-चार घरच्या बिया एकत्र करून करा.

काहीजण बी रुजवायला मागतात. रुजतं, फक्त ताजं असताना लावायला हवं, वाळलं की गेलं. पण कोकमात नर आणि मादी झाडं वेगवेगळी असतात, बियांपासून केलेल्या रोपांत साधारण निम्मी नर निघतात आणि ते कळायला फुलोरा येईपर्यंत सहा-सात वर्षं वाट बघावी लागते. आमच्या परड्यात असे दोन बाप्ये उभे आहेत, सावली उत्तम देतात. त्यापेक्षा कलम आणा. दापोलीच्या कोकण कृषी विद्यापीठाने काढलेल्या कोकण अमृता आणि कोकण हातीस या दोन जाती आहेत, सरकारमान्य रोपवाटिकेत मिळतात. पाऊस नीट लागला की जूनमध्ये खड्ड्यात शेणखत घालून लावा, माडा-पोफळीच्या सावलीत छान वाढतं, फवारणीची कटकट नाही. पहिले दोन उन्हाळे मात्र आठवड्यातून एकदा-दोनदा पाणी आणि वर माडाच्या झापांची सावली लागते, तेवढं केलंत की पुढे ते तुमच्याकडे काही मागत नाही.