कॅनडाचं वर्क परमिट: आधी पासपोर्टची तारीख बघा

सांगली-साताऱ्याहून कॅनडात शिकायला गेलेल्यांनी शेवटच्या सेमिस्टरआधीच पासपोर्टची मुदत तपासावी. शिक्षणानंतरचं वर्क परमिट, म्हणजे पीजीडब्ल्यूपी, पासपोर्ट संपतो त्या तारखेपुढे देत नाहीत. तीन वर्षं मिळण्याजोगी असली तरी हातात कमीच पडतात. उरलेली मुदत मिळवायला पुन्हा वेगळा अर्ज करावा लागतो. कोर्स पूर्ण झाल्याचं कॉलेजनं कळवलं की १८० दिवसांत अर्ज करा, आणि तोही स्टडी परमिट चालू असतानाच केलेला बरा. भाषेच्या परीक्षेचा निकाल जोडावा लागतो. विद्यापीठाच्या पदवीला सीएलबी (कॅनडाची भाषेची पातळी मोजण्याची श्रेणी) ७ हवा. कॉलेज डिप्लोमावाल्यांनी तर प्रवेश घेण्याआधीच आपला विषय पात्र यादीत आहे का ते बघायला हवं, कारण फी भरल्यावर कळून उपयोग नाही.

जोडीदाराचे नियम २१ जानेवारी २०२५ पासून कडक झाले. विद्यार्थ्याच्या पतीला किंवा पत्नीला ओपन वर्क परमिट (कुठल्याही एका मालकाशी न बांधलेला कामाचा परवाना) मिळतं ते १६ महिने वा जास्तीच्या मास्टर्सवर, पीएचडीवर किंवा ठरावीक व्यावसायिक पदव्यांवर. कुशल कामगाराच्या जोडीदाराला ते हवं असेल, तर त्या कामगाराच्या परमिटवरही अर्जाच्या वेळी किमान १६ महिने शिल्लक हवेत, शिवाय त्याचं काम पात्र व्यवसायांत बसलं पाहिजे.

आपल्याकडे खरी अडचण नावाची होते. ग्रामपंचायतीच्या किंवा महापालिकेच्या विवाह दाखल्यावर सासरचं नाव आणि पासपोर्टवर माहेरचं असेल, तर दोन्ही नावं एकाच व्यक्तीची असल्याचं प्रतिज्ञापत्र जोडा. दाखला मराठीत असल्यास प्रमाणित इंग्रजी भाषांतर लागतं. ते स्वतः किंवा नातेवाइकाकडून केलेलं चालत नाही.