चीनमध्ये 1949 नंतर कम्युनिस्ट सत्ता कशी पक्की झाली: अभ्यास कसा करावा

यादवी युद्ध जिंकणं वेगळं आणि जिंकलेल्या देशावर राज्य बसवणं वेगळं. चीनच्या बाबतीत दुसऱ्या कामाबद्दल विचारलं की बहुतेक वेळा एका ओळीचं उत्तर मिळतं: "दहशतीच्या जोरावर", नाहीतर "शेतकरी पाठीशी होते म्हणून". दोन्हींत तथ्य आहे. पण ज्या पक्षाने 1949 मध्ये कारखानदारांना अभय दिलं, त्यानेच 1952 मध्ये त्यांना कामगारांसमोर आरोपी म्हणून का उभं केलं, हे त्यातून उलगडत नाही. ते कळण्यासाठी क्रम पाहावा लागतो: आधी काय केलं, नंतर काय केलं, आणि आधीच्या पावलातून पुढच्यासाठी काय हाती आलं.

आधी तक्ता आखा

एका मोठ्या कागदावर चार रकाने पाडा: तारीख, प्रदेश, हुकूम, आणि तो प्रत्यक्षात राबवणारी माणसं. चौथा रकाना बहुतेक जण गाळतात आणि तिथेच अभ्यास पोकळ होतो. ऑक्टोबर 1949 मध्ये पक्षाचे सभासद होते साधारण 45 लाख आणि देशाची लोकसंख्या 54 कोटी. म्हणजे शंभरात एकही नाही. त्यातले बहुसंख्य उत्तरेकडच्या खेड्यांतले. शहर, बँक, गिरणी चालवायचा अनुभव फार थोड्यांना होता. म्हणून कुओमिंतांगच्या (यादवी युद्धात हरलेल्या राष्ट्रवादी पक्षाच्या) काळातले कारकून, अभियंते, पोस्टमन आधी जागच्या जागी ठेवले गेले आणि वर लष्करी नियंत्रण समिती बसवली गेली.

प्रदेशाचा रकानाही काळजीने भरा. 1 ऑक्टोबर 1949 ला बीजिंगमध्ये प्रजासत्ताकाची घोषणा झाली, तेव्हा लढाई संपलेली नव्हती. हैनान बेट 1950 च्या वसंतात हाती आलं, तिबेटशी 17 कलमी करार मे 1951 मध्ये झाला, तैवान राहिलंच. देशाचे सहा मोठे प्रशासकीय विभाग केले होते. ईशान्येत जमिनीचं वाटप आधीच होऊन गेलं होतं, तर दक्षिणेत सैन्य नुकतंच पोचलं होतं. "चीनमध्ये 1950 साली असं झालं" हे वाक्य लिहिताना दरवेळी कुठल्या चीनमध्ये, हे स्वतःला विचारा.

पहिला धागा पैशाचा धरा

बरेच जण थेट जमीन सुधारणेपासून सुरुवात करतात. आमच्या मते ती चूक आहे. शहरातल्या माणसाला नव्या राजवटीची पहिली ओळख भाजीबाजारात झाली. कुओमिंतांगने ऑगस्ट 1948 मध्ये जुन्या चलनाच्या 30 लाखांना एक या दराने सुवर्ण युआन आणला आणि काही महिन्यांत तोही मातीमोल झाला. कागदी नोटेवरचा विश्वासच उडाला होता. नव्या सरकारची रेनमिनबी 1 डिसेंबर 1948 ला निघाली, पण तिचीही किंमत घसरतच होती, कारण युद्धाचा खर्च नोटा छापूनच भागत होता.

इथे तीन उपाय वेगवेगळे ओळखा. पहिला, पोलिसी: 10 जून 1949 ला शांघायच्या शेअर बाजाराच्या इमारतीला वेढा घालून चांदीच्या नाण्यांचा सट्टा मोडला. याने भाव थांबले नाहीत, सट्टेबाज तांदूळ आणि कापसाकडे वळले. दुसरा, व्यापारी: अर्थकारण सांभाळणाऱ्या चेन युन यांनी सरकारी गोदामांत धान्य आणि सूत साठवलं आणि नोव्हेंबरच्या अखेरीस मोठ्या शहरांत एकदमच विक्रीला काढलं. त्याच वेळी कर्जाची दारं बंद केली, करवसुली घट्ट केली. चढ्या व्याजाने पैसे उचलून माल दाबून बसलेले बुडाले. तिसरा उपाय मार्च 1950 चा: सगळा कर, सगळं सरकारी धान्य आणि सरकारी रोकड केंद्राच्या ताब्यात. भाव स्थिरावले ते यानंतर.

एक बारकावा जवळून बघण्यासारखा आहे. शांघायमध्ये बँकेत ठेव ठेवताना ती नोटांत न मोजता वस्तूंच्या एककात मोजायची सोय केली होती. एक एकक म्हणजे ठरलेल्या मापाचा तांदूळ, कापड, खाद्यतेल आणि कोळसा यांची त्या दिवसाची एकत्रित किंमत. ठेव काढताना तेवढ्याच वस्तूंच्या त्या वेळच्या भावाने पैसे परत. महागाईने बचत खाल्ली जाणार नाही, ही हमी ज्याला मिळाली तो नोटा घेऊन बाजारात पळत सुटत नाही. राजवटीबद्दलचा विश्वास म्हणतात तो असा, मूठभर तांदळाच्या मापाने परत आला.

जमीन: कायदा वाचा, मग गावातली पद्धत वाचा

जून 1950 चा जमीन सुधारणा कायदा वाचायला मवाळ वाटतो. श्रीमंत शेतकऱ्याला हात लावू नका, जमीनदारालाही कसण्यापुरता वाटा द्या. नुसता कायदा वाचून निष्कर्ष काढाल तर फसाल. गावात काम असं चाले: बाहेरून कार्यगट येई, सगळ्यात गरीब घरात मुक्काम करी, तिथून एकेक माणूस जोडत शेतकरी संघटना उभी करी. मग "दुःख सांगण्याच्या" सभा, ज्यात लोक खंड, कर्ज, मारहाण यांचा हिशेब सर्वांसमोर मांडत. त्यानंतर प्रत्येक घराचा वर्ग ठरे: जमीनदार, श्रीमंत, मध्यम, गरीब शेतकरी, शेतमजूर. यादी तीनदा जाहीर लावली जाई. मग झुंजसभा (जमीनदाराला सर्वांसमोर उभं करून त्याच्यावर आरोप करायच्या सभा), जप्ती, वाटप आणि नवी मालकीपत्रं.

पक्षाला जमीन वरून वाटून टाकता आली असती. ती गावकऱ्यांच्याच हातून वाटून घेतली, यात सगळं राजकारण आहे. ज्याने शेजाऱ्यावर भर सभेत हात उगारला, त्याचं नशीब नव्या राजवटीशी बांधलं गेलं, कारण जुने मालक परतले तर त्याची खैर नव्हती. सभांत पुढे आलेली हीच माणसं गावची नवी पुढारी झाली. किती लोक मारले गेले यावर अभ्यासकांत एकमत नाही, अंदाज बहुधा दहा ते वीस लाखांच्या दरम्यान असतात. आकडा देताना "अंदाज" हा शब्द गाळू नका. ती माणसं होती आणि त्यांच्याबद्दल खोटी खात्री दाखवणंही अन्यायच आहे.

वाटपाचा सरकारी आकडा 30 कोटी शेतकऱ्यांना 70 कोटी मू असा आहे. एक मू म्हणजे सुमारे साडेसहा गुंठे. भागाकार करा: माणशी सव्वादोन मूच्या थोडं वर, म्हणजे पंधरा गुंठ्यांच्या आसपास. एवढ्या तुकड्यावर शहरांना पुरेल इतकं धान्य खुशीने विकायला कुणाकडे उरणार? 1953 च्या शेवटी सरकारने धान्य खरेदीची मक्तेदारी का घेतली, त्याचं बरंचसं उत्तर या भागाकारात आहे.

ऑक्टोबर 1950 वर खूण करा

जून 1950 मध्ये माओ पक्षाला बजावत होते की एकाच वेळी चारी दिशांना वार करू नका. ऑक्टोबरात सूर पालटला. 10 तारखेला प्रतिक्रांतिकारकांच्या, म्हणजे राजवटीचे शत्रू ठरवलेल्यांच्या, दमनाचा आदेश निघाला, 19 तारखेला चिनी फौजा यालू नदी ओलांडून कोरियात उतरल्या. युद्धामुळे बाहेरचा शत्रू आणि घरातला शत्रू एकाच वाक्यात बसवता आले.

दमनाची मोहीम तपासताना कोट्याचा हिशेब स्वतः करा. फेब्रुवारी 1951 मध्ये मृत्युदंडाचं प्रमाण लोकसंख्येच्या हजारी एक असं ठरलं. 1953 च्या जनगणनेतल्या 58 कोटींवर ते 5 लाख 80 हजार होतं. सार्वजनिक सुरक्षा खात्याच्या 1954 च्या अंतर्गत अहवालात आकडा आहे 7 लाख 12 हजार. कोटा ओलांडला गेला, कारण खालच्या अधिकाऱ्याला कमी पडल्याबद्दल "नरम" ठरण्याची भीती होती आणि जास्त झाल्याबद्दल सहसा कुणी जाब विचारत नव्हतं. मे 1951 मध्ये अटकेचा आणि देहदंडाचा अधिकार तालुक्याच्या पातळीवरून वर नेला, तो गाडी हाताबाहेर चालली म्हणूनच.

व्यापारी आणि स्वतःचे अधिकारी

1951 च्या शेवटी अधिकाऱ्यांविरुद्ध "तीन विरोध" (भ्रष्टाचार, उधळपट्टी, नोकरशाही) आणि जानेवारी 1952 पासून व्यापाऱ्यांविरुद्ध "पाच विरोध" (लाच, करचुकवेगिरी, सरकारी मालाची चोरी, कंत्राटात फसवणूक, आर्थिक गुपितं पळवणं) सुरू झाले. दुकानांची पाच वर्गांत विभागणी झाली आणि मोहीम चालू असतानाच वरून प्रमाण आलं: कायदा पाळणारे सुमारे 10 टक्के, बहुतांशी पाळणारे 60, अर्धेमुर्धे 25, गंभीर गुन्हेगार 4, पूर्ण गुन्हेगार 1. टक्के आधी आणि तपास नंतर, हा नमुना दमनाच्या कोट्याशेजारी ठेवून पाहा. दंड भरून मोडकळीला आलेला मालक पुढे सरकारी कर्जावर आणि सरकारी मागणीवरच जगू लागला, त्यामुळे 1956 मध्ये उद्योग सरकारी भागीदारीत गेले तेव्हा प्रतिकार जवळजवळ झालाच नाही.

विवाह कायदा (बळजबरीच्या लग्नांना बंदी आणि स्त्रीला घटस्फोटाचा हक्क देणारा), अफूबंदी, मोहल्ला समित्या यांच्या तारखा तक्त्यात टाका. विवाह कायद्याला मात्र स्वतंत्र वेळ द्या, त्याच्या अंमलबजावणीत पक्षाचेच गावपुढारी आडवे आले होते.

कुठे थांबायचं

तक्ता 1954 वर बंद करा आणि चौथ्या रकान्याकडे परत या. विभाग चालवणारी माणसं 1952-53 मध्ये एकेक करून बीजिंगला बोलावली गेली: गाओ गांग, राओ शुशी, डेंग शियाओपिंग, डेंग झिहुई, शी चोंगशून. पदं मोठी मिळाली, पण पायाखालचा प्रदेश सुटला. गाओ गांग यांनी वरच्या जागेसाठी जुळवाजुळव केली, ती फेब्रुवारी 1954 मध्ये उघडी पाडली गेली आणि ऑगस्टमध्ये त्यांनी आत्महत्या केली. त्याच वर्षी सहाही विभाग रद्द झाले आणि 20 सप्टेंबरला राज्यघटना मंजूर झाली. या सगळ्या नोंदी एका ओळीत, तारखेच्या क्रमाने लिहा.